वासरू-पडली

सेक्टर आठच्या शेवटच्या बंगल्यामागं
पाण्याच्या टाकीपाशी डांबर संपतं
आणि तिथून माझा कामावर जायचा रस्ता सुरू होतो.

हायवेनं तळोजा चाळीस मिनिटं.
डोंगरावरून दोन तास,
आणि डब्यातलं वरण पोहोचेपर्यंत पिशवीभर.
बायको विचारते, कुणी शिक्षा केलीय का तुला?

सायकल जुनी. कॅनडाला गेलेल्या एका मुलानं
वाशीत अर्ध्या किमतीत सोडलेली.
पुढच्या शॉकअपमधून तेल पाझरतं,
मागचा ब्रेक टिटवीसारखा ओरडतो.
बावन्नाव्या वर्षी माझेही गुडघे काही
शोरूममधले नाहीत.

चाफेवाडीपर्यंत चढ.
सगळ्यात हलका गिअर, जीभ टाळूला.
फाल्गुनात सागाची पानं चाकाखाली
पापडासारखी मोडतात,
रात्री कुणी लावलेल्या वणव्याची राख ओठांवर बसते.
पठारावर एकदाच थांबायचं:
मागं बेलापूर आणि खाडीचं मचूळ रुपं,
पुढं कारखान्यांची धुराडी.
त्यातलं तिसरं माझं.

फणसवाडीच्या पुढं नुसता उतार.
पोरांनी ही वाट मोबाईलवर चढवलीय,
तुकडे पाडून नावं ठेवलीत:
मणकामोड, साबणवडी, आईला-सांगू-नको.
मणकामोडवर माझा नंबर सदतिसावा.
एकोणचाळीस जणांत.

उतरायला शिकवलं ते विहंगनं, वय एकोणीस.
बूड मागं, कोपरं सैल,
आणि दगडाकडं बघायचं नाही, काका.
ज्या दगडाकडं बघाल
त्याच्यावरच जाल.

मी अजून बघतो.

त्या गुरुवारी मणकामोडच्या जरा वर
साखळी तुटली.
जादा कडी मागच्याच रविवारी विहंगला दिलेली.
कोपरापर्यंत ग्रीस, घड्याळात आठ वाजून गेलेले,
आणि मागून वाळल्या गवताचा एक भारा
चालत आला.

भाऱ्याखाली जैतीबाई.
“गाडीला पन दम लागतो का रं?”
मी वाटेवरून बाजूला झालो.
एरवी मी घंटी वाजवतो.

ती पुढं. मागं मी, बिनसाखळीचा.
उताराला साखळी लागत नाही,
मागचं चाक आपलं आपण टकटकत राहतं.
“रातकिडा पाळलास?”
तिनं मान न वळवता विचारलं.

मणकामोडवर ती डावीकडं गेली,
जिथं मला नेहमी फक्त कडा दिसतो.
तिथं पाऊलभर रुंद एक पायरी होती,
झिजून गुळगुळीत,
कुंभ्याच्या मुळाआडून हळूच वळणारी.
डोक्यावर भारा. तिला खाली बघताच येत नव्हतं.
मी तिच्या टाचांकडं बघत राहिलो
आणि चाक टाचांमागं गेलं.
ब्रेक ओरडला नाही.

ओढ्याशी विचारलं, या उताराला
तुम्ही काय म्हणता?
“वासरू-पडली.”
भारा सावरत म्हणाली,
“माझ्या आजेसासूचं. पांढरं व्हतं.”
मी पोरांचं नाव सांगितलं.
तिनं ते जरा चघळून बघितलं.
“कुनाचा मोडला?”
“अजून कुणाचा नाही.”
“मंग?”

आणि ती तबेल्याच्या फाट्यानं गेली,
वाटेवर गवताच्या काड्या सांडत.

गेटवर पोहोचलो, नऊ सतरा.
‘उशिराचं कारण’ या रकान्यात
वरपासून खालपर्यंत सगळ्यांचं ट्रॅफिक.
मी काळ्या बोटांनी लिहिलं,
वासरू-पडली.

काळू निरगुडानं वही स्वतःकडं फिरवली,
अक्षर लावून लावून वाचलं.
सात वर्षं हा मला सलाम करतो,
साहेब म्हणतो, माझी बॅग तपासतो.
आज त्यानं आपलं स्टूल पुढं सरकवलं.
“म्हंजे आमच्या मावशीच्या मागनं आलात.”
मग लोंबत्या साखळीकडं बघत,
जरा आवाज उतरवून,

“आन् तिनं सांगितलं का,
वासरू जगलं ते?”